पेटीतले चार कागद

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा नेहमीप्रमाणे एखादे प्रवासवर्णन द्यावे असा माझा विचार होता. परंतु माझ्या माहेरचा वाईचा वाडा २०१८ साली पाडला गेला, आणि माळ्यावरची एक शिसवी पेटी माझा भाचा माझ्याकडे घेऊन आला. "आत्या, तुला जुन्या कागदांची आवड, म्हणून फेकले नाही," असे म्हणून त्याने ती ओसरीवर ठेवली. त्या पेटीत भाडेचिठ्ठ्या, लग्नाच्या याद्या आणि सरकारी पावत्या यांच्याखाली तीन दस्तऐवज निघाले. तिन्ही कागद आमच्या घरातील बायकांचे होते. पुढे मी त्यात एका चौथ्या कागदाची भर घातली. या चार कागदांत बायकांच्या वारसाहक्काचा शंभर वर्षांचा इतिहास आला आहे, म्हणून यंदा त्याविषयीच लिहिते.

मी वकील नव्हे. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, एवढाच माझा अधिकार. येथे सांगते तो हिंदू वारसा कायद्याचा इतिहास आहे. हाच कायदा बौद्ध, जैन आणि शीख भगिनींनाही लागू आहे. मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी भगिनींचे कायदे निराळे आहेत. त्यांतही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण तो लेख त्यांच्यापैकीच कोणी लिहिला तर अधिक बरे.

पहिला कागद १९२४ सालचा. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, जिला आम्ही काकीआजी म्हणत असू, तिच्या पोटगीचा तो लेख. तिचा नवरा एकत्र कुटुंबात असतानाच वारला. मूलबाळ नव्हते. लेखात लिहिले आहे ते असे : दरसाल छत्तीस रुपये, दोन लुगडी, जेवणखाण घरच्या पंक्तीस, आणि राहावयास परसाकडची मागची खोली. अट अशी की, तिने सद्वर्तनाने राहावे आणि वाड्यावर कोणताही हक्क सांगू नये. खाली डाव्या हाताचा अंगठा. शाई पसरली आहे. बहुधा कोणीतरी तिचा हात धरून अंगठा उमटवून घेतला असावा.

आज हा कागद वाचून राग येतो. पण आमच्या आजोबांनी काही बेकायदा केले नव्हते. त्या वेळचा कायदाच तसा होता. महाराष्ट्रात वारशाच्या बाबतीत मुख्य आधार 'मिताक्षरा' या ग्रंथाचा. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणी येथे लिहिली. हे कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. या ग्रंथाप्रमाणे वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. एकत्र कुटुंबातील एखादा पुरुष वाटणी न होता वारला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांच्या हिश्शांत मिसळून जातो. त्याच्या बायकोला अन्नवस्त्र आणि निवारा मिळावयाचा, हिस्सा मिळावयाचा नाही. काकीआजीला खोली मिळाली ती या नियमाने.

मात्र आपले जुने शास्त्र सरसकट बायकांच्या विरुद्ध होते, असेही म्हणता येत नाही. विभक्त झालेला पुरुष मुलगा नसताना वारला, तर त्याच्या वारसांत याज्ञवल्क्याने पहिले नाव पत्नीचे आणि त्यापाठोपाठ मुलींचे घातले आहे. लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, आईबाप व भावाने दिलेले, असे स्त्रीधनाचे सहा प्रकार मनुस्मृतीत आहेत. विज्ञानेश्वराने तर पुढे जाऊन, बाईला वारशाने, खरेदीने किंवा वाटणीने मिळालेले तेही स्त्रीधनच, असा व्यापक अर्थ लावला. इंग्रजी अमदानीत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो अर्थ मानला नाही, आणि नवऱ्याकडून वारशाने आलेली इस्टेट बायकोच्या हाती केवळ तिच्या हयातीपुरती, असा नियम पक्का झाला.

त्यातही मुंबई इलाख्याची रीत इतर प्रांतांपेक्षा थोडी उदार होती. याचे बरेचसे श्रेय नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूख' या सतराव्या शतकातील ग्रंथाला जाते. भट्ट घराणे मूळचे आपल्या पैठणचे, पुढे काशीस स्थायिक झालेले. मयूखाने बहिणीला वारसांत वरचे स्थान दिले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाला मिताक्षरेपेक्षाही अधिक मान होता. आपल्या इलाख्यात मुलीला बापाची विभक्त मिळकत वारशाने मिळाली, तर ती पूर्ण मालकीने मिळत असे. इतर बहुतेक प्रांतांत तीही हयातीपुरतीच असे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी व्यवहारमयूखाची संपादित आवृत्ती १९२६ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेतर्फे काढली.

आणखी एक गोष्ट मनात येते. आमच्या वाईतच प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाचे काम चालू होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचे व्यवहारकांड १९३७ पासून प्रसिद्ध होऊ लागले. दायभाग आणि स्त्रीधन यांवरील सर्व जुनी वचने त्यात एकत्र केलेली आहेत. त्या वेळी काकीआजी आमच्या मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसलेली असेल. एकाच गावात एवढे शास्त्र जमा होत होते, आणि जिच्याविषयी ते होते तिला अक्षरओळखही नव्हती.

दुसरा कागद माझ्या सख्ख्या आत्याचा. खरे म्हणजे हे एकत्र टाचलेले दोन दस्त आहेत. आत्या १९४० साली, बाविसाव्या वर्षी विधवा झाली. तिचे यजमान भावांपासून विभक्त होते, म्हणून साताऱ्यातले त्यांचे घर तिच्या नावावर आले. नावावर आले खरे, पण ते तिचे झाले नाही. तिला त्यात राहता येई, भाडे घेता येई. पण 'कायदेशीर गरज' दाखविल्याशिवाय विकता येत नसे. तिच्या पश्चात घर जाणार होते नवऱ्याच्या चुलतभावांकडे. १९४४ साली तिने घराचा पुढचा भाग विकला. त्या खरेदीखतात अर्धे पान नुसत्या कारणांचे आहे : यजमानांचे कर्ज, त्यांच्या दुखण्याचा खर्च, उत्तरकार्याचा खर्च. शिवाय खाली त्या दोघा चुलतदिरांच्या संमतीच्या सह्या. त्या सह्यांसाठी आत्याला काय काय ऐकून घ्यावे लागले, हे तिने माझ्या आईला सांगितले होते. ते येथे लिहीत नाही.

दुसरा दस्त १९५७ सालचा. उरलेले घर विकून आत्या पुण्यास मुलींच्या वसतिगृहात नोकरीसाठी गेली, तेव्हाचा. त्यात कारणांची यादी नाही आणि दिरांच्या सह्याही नाहीत. एकच वाक्य आहे : "सदर मिळकत माझे संपूर्ण मालकीची असून ती विकण्याचा मला पूर्ण अधिकार आहे." खाली आत्याची स्वतःची सही, ठसठशीत बाळबोध अक्षरात.

या तेरा वर्षांत काय घडले? थोडे मागे जाऊन सांगावे लागेल. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास भरले. सुरुवातीला तिचा विषय स्त्रीशिक्षण हा होता, पण लवकरच तिने कायद्यातील अन्यायाकडे लक्ष वळवले. मुंबईचे शस्त्रवैद्य डॉ. गो. वि. देशमुख यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बायकांच्या मालमत्तेसंबंधी बिल आणले, आणि १९३७ साली त्याचा कायदा झाला. लोक त्याला 'देशमुख कायदा' म्हणत. या कायद्याने विधवेला मुलाइतका हिस्सा मिळाला. एकत्र कुटुंबातही नवऱ्याची जागा मिळाली आणि वाटणी मागण्याचा अधिकार मिळाला. मात्र हिस्सा राहिला हयातीपुरताच, आणि मुलींना त्यात काही मिळाले नाही. काकीआजीसारख्या, आधीच विधवा झालेल्या बायकांनाही त्याचा उपयोग नव्हता.

मग १९४१ साली सर बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९४४ साली तिची पुन्हा स्थापना झाली, तेव्हा पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य ज. र. घारपुरे हे तिचे एक सभासद होते. समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा होता. पुढे स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिल हाती घेतले. १९४८ साली ते प्रवर समितीकडे गेले, आणि तेथे मुलीचा हिस्सा मुलाच्या बरोबरीचा करण्यात आला. पुरुषांचा जन्मसिद्ध हक्कही त्यात काढून टाकला होता. त्यावर केवढे वादळ उठले, हे आपल्यापैकी अनेकींनी आईआजीकडून ऐकले असेल. सप्टेंबर १९५१ मध्ये ते बिल बाजूला ठेवले गेले, आणि त्याच महिन्यात डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते.

पुढे त्या बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. वारशाच्या कायद्याचे बिल संसदेत पार पाडण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रातील हरि विनायक पाटसकर या मंत्र्यांनी केले. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. त्याचे चौदावे कलम असे की, हिंदू स्त्रीच्या ताब्यात जी मिळकत असेल ती, कायद्यापूर्वी मिळालेली असो वा नंतर, तिच्या पूर्ण मालकीची. याच कलमाने आत्याच्या कागदातले ते वाक्य शक्य झाले. शिवाय बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्याने मृत्युपत्र केले नसेल तर, बायको, मुलगा, मुलगी आणि आई या सर्वांना सारखे हिस्से मिळू लागले.

परंतु वडिलोपार्जित इस्टेटीतला पुरुषांचा जन्मसिद्ध हक्क मात्र या कायद्याने तसाच ठेवला. त्याचा हिशेब कसा होतो, हे आमच्याच घराच्या उदाहरणाने सांगते, कारण तिसरा कागद माझा स्वतःचा आहे.

माझे वडील १९७४ साली वारले. मागे आई, दोन भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. वाडा वडिलोपार्जित. आता कायदा म्हणतो, वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे समजा. अशा वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी चौथा हिस्सा. मुलींना काही नाही. मग वडिलांचा जो चौथा हिस्सा, तो आई, दोन मुलगे आणि दोन मुली अशा पाच वारसांत वाटावयाचा. म्हणजे मला मिळाला विसावा हिस्सा. आणि भावाला त्याचा स्वतःचा चौथा अधिक विसावा, म्हणजे वीसपैकी सहा. भावाला सहा, बहिणीला एक. आईला मात्र भावाइतकेच. हाच हिशेब सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मगदूम खटल्यात पक्का केला. तो खटला सांगलीच्या न्यायालयात एका विधवेने लावलेला होता, आणि निकाल न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिला. त्या बाईंना चोवीसपैकी सात हिस्से मिळाले.

आमच्या घरी कोर्ट नाही आणि वाद नाही. १९७६ साली भाऊबिजेला आम्ही दोघी माहेरी गेलो. ओवाळणी झाली, साडीचोळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ म्हणाला, "सिटी सर्व्हेला नावे लावावयाची आहेत, तुमच्या दोघींच्या सह्या लागतील." दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आम्ही हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मी तो कागद वाचला नाही. इतिहासाची शिक्षिका मी, मुलींना सनावळ्या पाठ करून घेणारी. आणि स्वतःच्या नावाचा कागद न वाचता सही केली. भावाने फसवले असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यालाही तो रिवाजच वाटत होता. वाड्याच्या विसाव्या हिश्शात आमचे देवघरही मावले नसते. त्यापायी माहेर कोण तोडणार, असे मलाही वाटले.

पण माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट निराळी झाली. १९८३ साली तिचे यजमान अपघातात गेले. मूल नव्हते. सासरी चार महिन्यांत तिला जागा नकोशी झाली, आणि ती वाईस परत आली. भावाने तिला घरात घेतले, हे त्याचे उपकारच. राहण्यास दिली परसाकडची मागची खोली.

तीच काकीआजीची खोली. हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. पेटीतला पहिला कागद वाचला तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि मी बराच वेळ तो हातात धरून बसून राहिले. १९२४ ते १९८३, या साठ वर्षांत देश स्वतंत्र झाला, कायदा झाला, आम्ही दोघी पदवीधर झालो. आणि बहीण पुन्हा त्याच खोलीत गेली. त्या वेळच्या कायद्यात राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार मुलीला नव्हता, पण विधवा किंवा टाकलेल्या मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क होता. बहिणीने सही केली नसती, तर ती त्या घरात हक्काने राहिली असती. सही केल्यामुळे ती पाहुणी म्हणून राहिली. वहिनीने कधी वाईट शब्द काढला नाही. पण अठ्ठावीस वर्षांत बहिणीने त्या घराच्या स्वयंपाकघरातला डबा स्वतःच्या हाताने कधी उघडला नाही.

यानंतर कायदा पुढे गेला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे आम्ही दोघी बाहेरच. ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशात मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलाच्या बरोबरीची हक्कदार झाली. राहत्या घराविषयीचे ते जुने कलमही गेले. वडील २००५ साली हयात असावेत काय, यावर न्यायालयांत मतभेद झाले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला की, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी जी वाटणी, विक्री किंवा विल्हेवाट रीतसर झाली असेल, तिला या कायद्याने हात लावलेला नाही. आमची १९७६ सालची सही यातच येते. कायद्याने पुष्कळ दिले, पण आपण होऊन जे सोडले ते परत आणून दिले नाही.

म्हणून, भगिनींनो, हक्कसोडपत्रावर सही करावी की करू नये, हे मी सांगणार नाही. ते प्रत्येकीने आपले घर पाहून ठरवावे. भावाची परिस्थिती बेताची असेल तर आनंदाने सोडावे. पण कागद वाचून, आपला हिस्सा किती हे विचारून, आणि घरी नेऊन दोन दिवस विचार करून. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सही करू नये, एवढेच मी म्हणेन.

आता चौथा कागद. बहिणीने वाईत बालवाडी चालवली. महिन्याच्या महिन्यास पैसे शिल्लक टाकून तिने एक लाख ऐंशी हजारांच्या ठेवी केल्या होत्या, आणि बँकेत नामनिर्देशन माझ्या नावाने केले होते. "हे पैसे बालवाडीच्या मुलींच्या शिक्षणाला," असे तिने मला, वहिनीला आणि शेजारच्या काकूंना कितीदा तरी सांगितले होते. २०११ साली ती गेली. मृत्युपत्र केले नव्हते. दोन महिन्यांनी तिच्या दिराचे मुलगे आले, ज्यांना आम्ही लग्नात पाहिले त्यानंतर पुन्हा पाहिले नव्हते. पुढे न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र घेऊन ते आले, आणि मी ती सर्व रक्कम त्यांच्या हवाली केली.

येथेही त्यांनी बेकायदा काही केले नाही. १९५६ च्या कायद्याचे पंधरावे कलम असे आहे : बाई मृत्युपत्र न करता वारली, तर प्रथम तिची मुले आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यांच्याही नंतर तिचे स्वतःचे आईबाप. आईबापांकडून वारशाने आलेली मिळकत मात्र, मुलेबाळे नसल्यास, बापाच्या वारसांकडे परत जाते. पण स्वतःच्या कष्टाने मिळवलेले जाते सासरकडे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला होता. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरी थारा न मिळालेल्या एका बाईला माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी केली, आणि मृत्युपत्र न करता ती वारली. तिची सर्व शिल्लक नवऱ्याच्या वारसांकडे गेली. न्यायालयाने सांगितले, कायदा हा असा आहे, सहानुभूतीने तो बदलता येत नाही.

बँकेत नाव लावले म्हणजे काम झाले, असे मला वाटत होते. तेही खरे नव्हे. ज्याचे नाव लावलेले असते त्याने पैसे स्वीकारावयाचे आणि खऱ्या वारसांना द्यावयाचे. तो मालक होत नाही. तिच्या तोंडी शब्दालाही किंमत उरली नाही. मृत्युपत्राची रीत आपल्या जुन्या शास्त्रात नव्हतीच. ती इंग्रजी अमदानीत रुळली. मुंबई शहरात १८७० च्या कायद्याने हिंदूंचे मृत्युपत्र लेखी आणि साक्षीदारांसह असावे असे ठरले. बाहेरगावी मात्र तोंडी मृत्युपत्रही चालत असे. १ जानेवारी १९२७ पासून सर्व हिंदूंना लेखी मृत्युपत्राचे बंधन आले. काकीआजीच्या काळी तोंडी शब्दाला कायद्यात जागा होती, पण तिच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते. बहिणीजवळ देण्यासारखे होते, पण तिने ते लिहिले नव्हते.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. साधा कागद चालतो, मुद्रांकाची गरज नाही. आपल्याला काय काय द्यावयाचे आहे आणि कोणाला, हे स्पष्ट लिहावे. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, आणि त्या दोघांनी आपल्यासमोर सह्या कराव्यात. ज्यांना काही द्यावयाचे आहे त्यांना साक्षीदार घेऊ नये, हे उत्तम. म्हणजे पुढे कोणी शंका घेत नाही. आपले डॉक्टर साक्षीदार असतील तर आणखी बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर कागद हरवण्याची भीती राहत नाही. मनात आले तर हवे तेव्हा बदलता येते. शेवटचे असेल ते खरे.

मात्र हे शस्त्र दुधारी आहे, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून आलेल्या कायद्याने आईबापांना अर्ध्या इस्टेटीपलीकडे मृत्युपत्राने मुलांना डावलता येत नाही. आपल्याकडे तसे बंधन नाही. बापाने मृत्युपत्र करून स्वतःची सर्व मिळकत मुलाला दिली, तर मुलीला काही मागता येत नाही. म्हणून, ज्या आया आहेत त्यांनी यजमानांच्या मृत्युपत्राच्या वेळी शेजारी बसावे, आणि मुलीचे नाव त्यात आहे की नाही हे पाहावे. आपणच सासू होतो, आपणच नणंद होतो आणि आपणच आई होतो. कागद पुरुषांनी लिहिले, हे खरे. पण १९७६ साली मला "सही करून टाक, उगाच वाईटपणा नको," असे सांगणारी माझी आईच होती. तिच्या स्वतःच्या वाट्याला वीसपैकी सहा हिस्से आहेत, हे तिलाही कोणी सांगितले नव्हते.

गेल्या चैत्रात, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, मी माझे मृत्युपत्र केले. राहते घर मुलाला आणि मुलीला सारखे. निवृत्तिवेतनातून साठवलेल्या रकमेतून एक लाख ऐंशी हजार रुपये वाईच्या त्या बालवाडीतल्या मुलींच्या शिक्षणासाठी. मुलाने कागद वाचला आणि विचारले, "आई, हाच आकडा का?" तेव्हा त्याला मावशीची हकिकत पहिल्यांदा सांगितली.

साक्षीदार म्हणून आपल्या मंडळातील दोघीजणी आल्या होत्या. त्यांची नावे येथे देत नाही. त्या वाचतील तेव्हा त्यांना कळेलच. सही झाल्यावर चहा घेताना एकीने हळूच विचारले, "मलाही करावयाचे आहे, सांगाल का कसे?" म्हणून चिटणीसबाईंना विनंती की, गुरुवारच्या भजनानंतर महिन्यातून एकदा अर्धा तास यासाठी राखून ठेवावा. एखाद्या माहीतगार वकीलबाईंना बोलवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कागद वाचून दाखवावेत. माझी पेटी मी त्या दिवशी घेऊन येईन. काकीआजीचा अंगठा सर्वांनी पाहावा, असे मला वाटते.

मंडळाला दीर्घायुष्य चिंतून हा लेख पुरा करते.